खानदेशातील रानपिंगळा: अधिवास, प्रणयकाळ आणि त्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानपिंगळा म्हणजे नेमका कोणता पक्षी, आणि खानदेशाशी त्याचा एवढा संबंध कसा?

रानपिंगळा हे सुमारे २३ सेंटीमीटर लांबीचे, आटोपशीर बांध्याचे घुबड आहे. तो फक्त भारतात, आणि तोही मध्य भारताच्या मोजक्या जंगलांत आढळतो. त्याचा पहिला नमुना १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरात मिळवला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. १८७७ साली भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाईन बॉल यांना ओडिशातील खरियार भागात आणखी एक पक्षी मिळाला. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० ते १८८४ या काळात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागातून काही नमुने गोळा केले. अशा रीतीने जगभरातील संग्रहालयांत या पक्ष्याचे अवघे सात अस्सल नमुने जमा झाले, आणि त्यांतील बरेचसे आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचे होते.

१८८४ नंतर तो कोणालाही खात्रीने दिसला नाही. तो नामशेष झाला असावा, असेच बहुतेक पक्षीअभ्यासक धरून चालले होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षीअभ्यासकांना शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती. ज्या मुलुखात त्याची शेवटची नोंद झाली, त्याच मुलुखात तो सापडला, ही गोष्ट खानदेशातील पक्षीप्रेमींनी अभिमानाने सांगावी अशी आहे; मात्र इतकी वर्षे तो आपल्या डोळ्यांसमोर असूनही कागदावर नव्हता, हेही त्याच वेळी मान्य करावे लागते.

एवढी वर्षे तो सापडला का नाही? लोकांनी शोधलाच नाही का?

शोध झाला होता; पण तो चुकीच्या ठिकाणी झाला, आणि त्यामागे एक बनाव होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपल्या संग्रहात एक रानपिंगळा ठेवला होता आणि तो १९१४ साली गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी त्याला लावली होती. पुढील अभ्यासकांनी या नोंदीवर विश्वास ठेवला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो मुळात डेव्हिडसन यांचाच असल्याचे उघड झाले. लंडनच्या संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा नव्याने भरून आणि खोटी चिठ्ठी लावून ठेवण्यात आला होता. हा उलगडा १९९७ च्या मोहिमेआधीच झाला होता; संशोधन प्रसिद्ध झाले ते १९९९ साली.

खोटी नोंद वगळल्यावर शोधाची दिशा आपोआप बदलली. १९९७ च्या मोहिमेने अस्सल नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरील गावांचा माग काढला. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी हाती काही लागले नाही, म्हणून ती मंडळी शहाद्याला आली. आणखी एक कारण आमच्या मते तितकेच महत्त्वाचे आहे: घुबड रात्री शोधायचे, ही सगळ्यांचीच समजूत होती, आणि हा पक्षी तर दिवसाढवळ्या शेंड्यावर बसणारा निघाला.

गावात दिसणाऱ्या नेहमीच्या पिंगळ्यापासून तो वेगळा कसा ओळखावा?

आमच्याकडे येणाऱ्या छायाचित्रांपैकी बहुतेक नेहमीच्या पिंगळ्याचीच असतात, त्यामुळे या उत्तराला थोडी जागा देतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळकपणे विखुरलेले असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ सपाट करडा-तपकिरी असतो. तेथे ठिपके असलेच तर ते अगदी फिकट असतात आणि दुर्बिणीतूनही चटकन लक्षात येत नाहीत. त्याच्या छातीवर गडद तपकिरी रंगाचा एकसंध पट्टा असतो, आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या पोटावर मात्र तपकिरी आडव्या ठिपक्यांची गर्दी खालपर्यंत जाते. शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद आणि ठळक असणे, ही रानपिंगळ्याची आणखी एक खूण आहे.

शरीराची ठेवणही पाहावी. रानपिंगळ्याचे डोके आणि चोच अंगाच्या मानाने मोठी दिसतात, आणि पाय तर विशेष पाहण्यासारखे असतात: ते जाड आणि बळकट असून बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. फांदीवर समोर तोंड करून बसलेल्या पक्ष्याचे पाय पांढरे मोजे घातल्यासारखे दिसले आणि छातीचा पट्टा अखंड असला, तर लक्ष देऊन पाहायला हरकत नाही. जंगली पिंगळा हा तिसरा भिडू याच जंगलात राहतो. पण त्याचे डोके, पाठ आणि पोट बारीक आडव्या रेघांनी पूर्ण भरलेले असते, म्हणून त्याच्याशी गल्लत होण्याचे फारसे कारण नाही. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. कोण कोण आहे हे रंगावरून नव्हे, तर वागण्यावरून कळते.

तो कोणत्या प्रकारच्या जंगलात राहतो? घनदाट अरण्य लागते का?

घनदाट अरण्य लागत नाही, आणि नेमका इथेच बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. रानपिंगळा हा कोरड्या पानझडी जंगलातील पक्षी आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून वर जाणाऱ्या उतारांवर जे सागाचे जंगल आहे, ज्यात सालई, ऐन, धावडा, मोई, रोहण, बोंडारा, तेंदू, मोह ही झाडे मिसळलेली असतात, ते त्याचे घर आहे. हिवाळा सरताना या जंगलाची पाने गळतात आणि उतार उघडे पडतात. ज्या काळात डोंगर पाहुण्यांना रखरखीत आणि उजाड वाटतो, तो काळ या पक्ष्याच्या संसाराचा असतो.

त्याला लागतात त्या गोष्टी मुख्यतः तीन आहेत, आणि त्या तिन्ही एकाच परिसरात असाव्या लागतात. पहिली म्हणजे उंच, निष्पर्ण फांदी, जिच्यावर बसून त्याला चहूकडे नजर ठेवता येईल. दुसरी म्हणजे खालची मोकळी जमीन, कारण त्याचे भक्ष्य बहुतांशी जमिनीवर सरपटणारे असते आणि ते गवताच्या किंवा घाणेरीच्या दाट जाळीत शिरले की त्याच्या हाती लागत नाही. तिसरी म्हणजे नैसर्गिक ढोली असलेले जुने झाड. तरुण सागाच्या लागवडीत पहिल्या दोन गोष्टी एक वेळ मिळतात, पण तिसरी मिळत नाही, कारण ढोली तयार व्हायला झाडाला काही दशके जगावे लागते, त्याची एखादी फांदी मोडावी लागते आणि आतले लाकूड कुजावे लागते. म्हणून नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेले प्रत्येक जंगल या पक्ष्याच्या दृष्टीने जंगल नसते.

उंचीबद्दलही विचारणा होते. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे पठार साधारण ११५० मीटर उंचीवर आहे आणि पर्यटक तेथेच पोहोचतात. मात्र या पक्ष्यासाठी पठारावरच्या तलावापेक्षा खालच्या उतारांवरचे आणि पायथ्याचे सागाचे जंगल अधिक महत्त्वाचे आहे. डेव्हिडसन यांच्या काळात असे जंगल पायथा सोडून सपाटीवरही बरेच उतरलेले होते. आज शहादा आणि तळोदा तालुक्यांच्या त्या सपाटीवर ऊस, केळी, कापूस आणि मिरची उभी आहे. डोंगर हा या पक्ष्याचा मूळचा हट्ट असेलच असे नाही. सपाटीवरची जागा संपल्यामुळे तो डोंगराशी बांधला गेला, असे मानायला जागा आहे.

खानदेशाबाहेर तो आढळतो का?

होय. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर-खंडवा भागातील जंगले, गुजरातमधील डांगचा पूर्णा अभयारण्य परिसर आणि सह्याद्रीच्या पश्चिमेकडील तानसा अभयारण्य येथे त्याच्या नोंदी झाल्या आहेत. तानसाची नोंद २०१४ सालची असून तिने सर्वांना चकित केले, कारण तोपर्यंत तो सातपुड्याचाच पक्षी मानला जात होता. खानदेशात तोरणमाळ परिसरासोबत जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य हे त्याचे ठिकाण आहे.

घुबड असूनही तो दिवसा कसा दिसतो?

रानपिंगळा मुख्यतः दिवसा वावरणारा पक्षी आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी तो उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, पिसे फुगवतो आणि बराच वेळ हलत नाही. साधारण दहा वाजेनंतर त्याची हालचाल मंदावते. शिकारीवर लक्ष असताना तो शेपटी डावी-उजवीकडे झटक्याने हलवतो. ही हालचाल इतकी वेगळी आहे की दूरच्या फांदीवरचा काळपट ठिपका रानपिंगळा आहे की नाही, हे पुष्कळदा त्यावरूनच कळते. पहाटे चारला टॉर्च घेऊन निघण्याची गरज नाही. उजाडल्यावर निघावे, आणि उन्हे वर येईपर्यंत पाहून घ्यावे.

त्याचा प्रणयकाळ कोणता?

विणीचा हंगाम ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत पसरलेला आहे, पण प्रणयाचा भर जानेवारी आणि फेब्रुवारीत असतो. या दोन महिन्यांत जोड्या सर्वाधिक बोलक्या आणि हद्दीबाबत सर्वाधिक हळव्या असतात. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंतचा काळ म्हटले, तर आपल्याकडे चटकन लक्षात राहील. हाच काळ का, याचे उत्तर जंगलाकडे पाहिले की सुचते: या दिवसांत पाने झडू लागतात, जमीन उघडी पडते, आणि पुढे पिल्ले ढोलीत असताना ऊन वाढल्यामुळे सरडे आणि सापसुरळ्या भरपूर फिरत असतात.

नर मादीला कसा जिंकतो?

या प्रश्नासाठी बहुतेक वाचक या पानावर येतात, म्हणून सविस्तर लिहितो. १९९८ नंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या जंगलात या पक्ष्याच्या आवाजांचा आणि विणीचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग त्या कामातून आलेला आहे.

प्रणयाची सुरुवात आवाजाने होते. नर आपल्या हद्दीतील उंच फांदीवरून मृदू, घुमणारे दोन स्वरांचे गाणे पुन्हा पुन्हा म्हणतो. त्यातून शेजारच्या नराला ‘इकडे येऊ नकोस’ आणि मादीला ‘मी इथे आहे’ असा दुहेरी निरोप जातो. त्यापुढचा भाग मात्र आवाजापेक्षा कृतीचा असतो. नर शिकार करून ती मादीला आणून देतो. दृश्य साधारण असे असते: मादी सालईच्या उघड्या फांदीवर बसलेली असते आणि थोड्या थोड्या वेळाने आर्जवी, मागणारा आवाज काढते. नर खालच्या एखाद्या खुंटावरून जमिनीवर झेपावतो, पानांच्या खचात क्षणभर पंख पसरून थांबतो आणि चोचीत सापसुरळी घेऊन वर येतो. तो मादीच्या शेजारी उतरतो, सापसुरळीचे शेपूट अजून वळवळत असते, आणि मादी ती त्याच्या चोचीतून घेते. त्यानंतर दोघे काही काळ अंगाला अंग लावून बसतात आणि एकमेकांच्या डोक्याची व मानेची पिसे चोचीने विंचरतात. मीलन बहुधा अशाच एखाद्या भेटीला लागून, ढोलीच्या जवळपास होते.

अन्न देण्याच्या या रीतीकडे लाडीगोडी म्हणून पाहणे पुरेसे नाही. अंडी उबवण्याचे काम मादी करते, आणि त्या काळात ती ढोलीजवळून फारशी हलत नाही. म्हणजे जवळजवळ महिनाभर तिचे पोट नराच्या शिकारीवर अवलंबून असते, आणि पिल्ले बाहेर आल्यावर त्यांचेही. जो नर फेब्रुवारीत दिवसाला पुरेशा सापसुरळ्या आणू शकत नाही, तो मार्चमध्ये चार तोंडे कशी भरणार? मादी हा हिशेब आपल्यासारखा मांडत नसली, तरी ज्या मादीने चांगला शिकारी निवडला तिचीच पिल्ले जगली, आणि ती निवड पुढच्या पिढ्यांत उतरली.

मोर नाचतो, तणमोर उड्या मारतो. मग रानपिंगळा तसे काही करत नाही का?

करत नाही, आणि त्याचे कारण रंजक आहे. मोराचा पिसारा, पावसाळ्यात गवतातून वर उसळणारा तणमोर किंवा कॉकेशस पर्वतातील काळ्या रानकोंबड्यांचे नर वसंतात उतारावर एकत्र जमून घेतात त्या उड्या, या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: मीलनानंतर नराची जबाबदारी संपते. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे हे एकट्या मादीचे काम असते. अशा वेळी नराकडून तिला मिळते ते फक्त त्याचे रक्त. म्हणून ती त्याचा रंग, जोर आणि दमसास पारखते, आणि नर पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक दिमाखदार होत जातात. रानपिंगळ्यात जोडीने संसार असतो. तेथे नाच पाहून उपयोग नाही, सापसुरळी हवी. म्हणूनच नर आणि मादी सारखेच साधे दिसतात आणि त्यांचा प्रणय लांबून पाहणाऱ्याला कधी कधी कंटाळवाणा वाटतो. आम्हाला विचाराल तर मोराच्या नाचापेक्षा हाच प्रणय पाहण्यात अधिक गंमत आहे, पण त्यासाठी एका जागी दोन तास गप्प बसण्याची तयारी लागते.

 

त्याचे आवाज कसे ओळखावेत?

नराचे गाणे ‘उव्‌… उवूऽऽव’ असे, गोल आणि मऊ असते; पिंगळ्याच्या कर्कश भांडणाची सवय असलेल्या कानाला ते घुबडाचे वाटतच नाही. जोडीतील संपर्कासाठी ‘क्वाक’ असा तुटक आवाज असतो. अस्वस्थ झाल्यावर तो ‘श्रीऽऽ’ असा चढत-उतरत जाणारा फुत्कार काढतो, आणि हद्दीत कोणी शिरल्यास ‘चिर्रर्र, चिर्रर्र’ असे खडखडाटी ओरडतो. हा शेवटचा आवाज नेहमीच्या पिंगळ्याच्या ओरडण्याशी बराच जुळतो, म्हणून केवळ त्यावरून ओळख पक्की करू नये.

घरटे, अंडी आणि पिल्ले यांविषयी सांगाल का?

घरटे म्हणजे झाडाची नैसर्गिक ढोली. ती साधारण पाच ते आठ मीटर उंचीवर असते. काड्या-काटक्यांची वेगळी बांधणी नसते. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर शिकार आणतो, ती मादीकडे देतो, आणि पिल्लांना भरवण्याचे काम मादी करते. पिल्ले सुमारे ३० ते ३२ दिवसांनी ढोली सोडतात, पण त्यानंतरही काही काळ आईबापांच्या मागे राहतात.

नराने स्वतःचेच पिल्लू खाल्ल्याची नोंद अभ्यासकांनी केलेली आहे. ही माहिती ऐकून अनेकांना धक्का बसतो. शिकारी पक्ष्यांत असे प्रकार इतर जातींतही आढळतात, आणि भक्ष्याची टंचाई किंवा पिल्लाचा अशक्तपणा यांसारखी कारणे त्यामागे असू शकतात. त्यावरून पक्ष्याला क्रूर ठरवण्यात अर्थ नाही.

त्याचे खाणे काय?

अभ्यासात आढळलेल्या भक्ष्यात जवळजवळ साठ टक्के वाटा सरडे आणि सापसुरळ्यांचा होता, सुमारे पंधरा टक्के उंदीरवर्गीय प्राण्यांचा आणि दोन टक्के पक्ष्यांचा. बाकी कीटकादी प्राणी आणि बेडूक. जंगलाला लागून असलेल्या शेतात उंदीर मारण्यासाठी विषारी औषध ठेवणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावता येते, असे ऐकले. ते करावे का?

करू नये. हे आम्ही विनंती म्हणून नव्हे, तर ठामपणे सांगत आहोत. जानेवारी-फेब्रुवारीत हा पक्षी वाजवलेल्या आवाजाला लगेच प्रतिसाद देतो, ही गोष्ट खरी आहे, आणि छायाचित्रकारांची गर्दी नेमकी याच कारणाने याच महिन्यांत होते. पण त्या प्रतिसादाचा अर्थ समजून घ्यायला हवा. नराला वाटते की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला आहे. तो शिकार सोडून तुमच्या डोक्यावरच्या फांदीवर येतो, शेपटी झटकतो, ओरडतो, आणि जो प्रतिस्पर्धी अस्तित्वातच नाही त्याला शोधत राहतो. तेवढा वेळ मादी उपाशी असते. मादीही ढोलीतून बाहेर आली तर अंडी उघडी पडतात. सकाळी एक गाडी, नऊ वाजता दुसरी, आणि दोघींकडे एकच ध्वनिफीत, असे महिनाभर चालले तर त्या जोडीचा हंगाम वाया जाऊ शकतो.

संशोधक गणनेसाठी आवाज वाजवतात, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. ते वन विभागाच्या परवानगीने, ठरवून दिलेल्या पद्धतीने आणि मोजका वेळ वाजवतात. शिवाय आवाज न वाजवताही हा पक्षी दिसतो. थंडीच्या सकाळी उन्हाकडे तोंड असलेल्या शेंड्यांवर दुर्बीण फिरवत राहणे, हा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत चांगला उपाय आहे. ढोली सापडली तर तिच्यासमोर तंबू ठोकून बसू नये, आणि तिचे नेमके ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नये.

त्याच्या अधिवासाला सर्वांत मोठा धोका कशाचा आहे?

जंगल तुकड्या-तुकड्यांनी कमी होत जाणे, हा. सातपुड्याच्या उतारांवर गेल्या काही दशकांत बरीच वनजमीन शेतीखाली आली आहे. हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हाला आवश्यक वाटते: या डोंगरात भिल्ल आणि पावरा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे, त्यांच्या हक्कांना २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्यता दिलेली आहे, आणि पोटापुरती ज्वारी-मका पिकवणाऱ्या कुटुंबाला पक्ष्याचा शत्रू ठरवून शहरातल्या माणसाने हात झटकणे न्यायाचे नाही. सपाटीवरचे सगळे जंगल ज्यांच्या उसाखाली आणि केळीखाली गेले, त्यांना कोणी अतिक्रमणवाले म्हणत नाही.

तुलनेने कमी बोलले जाते ते जुन्या झाडांविषयी. मोडलेल्या फांदीचे, अर्धे वाळलेले, आतून पोकळ झाड लाकूडतोडीत सर्वांत आधी जाते. सरपणाला ते सोयीचे असते, आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने ते ‘निरुपयोगी’ ठरते. रानपिंगळ्याला हवे असते ते नेमके तेच. एका उतारावर हजार सागाची रोपे लावली आणि ढोलीची पाच झाडे तोडली, तर कागदावर जंगल वाढते आणि जोडी बेघर होते. वन विभागाने, संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी आणि गावांनी एकच गोष्ट करायची ठरवली, तर आम्ही पोकळ झाडे राखण्याची सुचवू. त्याला फारसा खर्चही नाही.

वणवा हे तिसरे कारण. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, तेंदूच्या झुडपांना नवी पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते, आणि फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यात ती हाताबाहेर जाते. या आगीत सापसुरळ्या मरतात, पोकळ खोडे धुराड्यासारखी आतून पेटतात, आणि हे सगळे अंडी-पिल्लांच्या दिवसांत घडते. मोहाखाली आग लावण्याऐवजी जाळी किंवा जुन्या साड्या अंथरून फुले गोळा करण्याची पद्धत काही गावांनी स्वीकारली आहे. फुलेही स्वच्छ मिळतात.

घुबडाविषयीच्या समजुतींमुळे त्याची शिकार होते का?

घुबडांची शिकार जादूटोण्यासाठी होते, आणि रानपिंगळा दिवसा उघड्यावर बसत असल्यामुळे गोफणीच्या दगडाला सहज बळी पडू शकतो. पहाटे दारोदार फिरून शकुन सांगणारा पिंगळा जोशी आपण पाहिला आहे. पक्ष्याच्या बोलण्यात भविष्य ऐकण्याची ती परंपरा पक्ष्याला मारत नाही. त्याचे डोळे, नखे आणि अंडी विकत घेणारा भोंदू मारतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे, आणि रानपिंगळ्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण आहे.

त्याचा संकटग्रस्ततेचा दर्जा कमी केला, म्हणजे तो आता सुरक्षित आहे का?

नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणले गेले, कारण नवनवीन ठिकाणी तो आढळला आणि त्याची संख्या पूर्वीच्या अंदाजापेक्षा जास्त असल्याचे दिसले. तरीही प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० ते ९९९ यांच्या दरम्यान मानली जाते. 

तो पाहायला कुठे जावे आणि परवानगी लागते का?

यावल अभयारण्यात पाल येथून प्रवेश मिळतो. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाची परवानगी आवश्यक आहे. तोरणमाळ परिसरातील राखीव वनांत जाण्यापूर्वीही वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. पावरा किंवा भिल्ल वाटाड्याला रोजचे पूर्ण मानधन द्यावे, घासाघीस करू नये. त्याला जी झाडे माहीत आहेत ती कोणत्याही नकाशावर नाहीत.

शेतात किंवा रस्त्यावर जखमी पिंगळा सापडला, आणि तो रानपिंगळा असल्याची शंका आली, तर काय करावे?

त्याला हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत सुती कापड अंथरून, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये आणि दूध-भात भरवू नये. नखांपासून सांभाळावे, हातात जाड फडके असू द्यावे. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. छातीचा पट्टा, माथा आणि पाय स्पष्ट दिसतील असे एखादे छायाचित्र झटपट काढून खोके बंद करावे, आणि पक्षी नेमका कोठे सापडला ते गाव, शिवार आणि जवळच्या नाल्यासह लिहून ठेवावे, कारण तो बरा झाला तर त्याला तेथेच सोडावे लागते.